साधा, कमी बटणांचा पण भांडी खरंच निघतील असा डिशवॉशर कुठला घ्यावा?

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात सहा माणसं, सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, भांड्याच्या मावशींच्या दांड्या चालूच असतात, आणि पुण्यात बहिणीकडं एक जुना डिशवॉशर आहे, तो आवाज करतो पण कढईसुद्धा लख्ख काढतो. ताई म्हणतात मला तसलाच पाहिजे, वायफाय नको, मोबाईलवरनं चालू करायचं काही नको, सासूबाईंना दोन बटणं दाबून लावता आला पाहिजे आणि भांडी निघाली पाहिजेत. दुकानात गेलं की मात्र सगळ्यात आधी अ‍ॅपच दाखवतात.

सांगली, मिरज, कुपवाड आणि मधनंमधनं कराड-सातारा या पट्ट्यात मी डिशवॉशर बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो. नुसतं मॉडेलचं नाव सांगून उपयोग नाही. नंबर सारखे बदलत असतात, आणि दुसरं म्हणजे तेच मशीन साताऱ्यात कासच्या पाण्यावर काचेचे ग्लास स्वच्छ काढतं आणि तासगाव, कवठेमहांकाळ बाजूला बोअरच्या पाण्यावर महिन्या-दोन महिन्यात त्याच ग्लासांवर पांढरा थर बसवतं. मशीन तेच, कंपनी तीच, पावडर तीच. म्हणून मी आधी पाण्याचं विचारतो, बजेटचं नंतर.

पण ताई, तुमची मागणी शंभर टक्के बरोबर आहे, साध्या मशीनवर भांडी उत्तम निघतात. भांडी निघायला चारच गोष्टी लागतात, पाण्याचा मारा, उष्णता, वेळ आणि पावडर. सिनर नावाच्या एका जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९ मध्ये हे चौघांचं गणित मांडलं, यातलं एक कमी केलं की बाकीचं कुठंतरी वाढवावं लागतं. आणि मशीनचं मूळ तत्त्व तर त्याच्याही किती आधीचं, अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन बाईंनी १८८६ मध्ये पेटंट घेतलं, तारेच्या कप्प्यात भांडी बसवायची आणि ब्रशनं न घासता पाण्याच्या जोरानं ती धुवायची. आजपण मशीन आत हेच करतंय. वायफाय या चारातल्या कशातच बसत नाही, त्यामुळं त्यासाठी जादा पैसे देऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

आता जुनी मशीनं जास्त चांगली धुवायची असं सगळे म्हणतात, त्यात तथ्य आहे पण कारण समजून घ्या, म्हणजे नवीन घेताना फसणार नाही. जुनी मशीनं पाणी जास्त घ्यायची, जास्त तापवायची, आणि पावडरीत फॉस्फेट असायचं. फॉस्फेट जड पाण्यातला, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातला, चुना धरून ठेवतं आणि चिकट घाण सोडवतं. पण तेच सांडपाण्यातनं नदी-तळ्यात गेलं की शेवाळ माजतं, म्हणून अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी २०१० मध्ये घरगुती डिशवॉशरच्या पावडरीतलं फॉस्फेट जवळजवळ बंद केलं आणि युरोपात जानेवारी २०१७ पासून कडक मर्यादा आली. मोठ्या ब्रँडच्या नव्या पावडरीत त्याऐवजी एन्झाइम असतात, एक पिठूळ पदार्थ तोडतो, एक प्रोटीन तोडतो. एन्झाइमला मध्यम गरम पाणी चालतं पण त्याला वेळ पाहिजे. म्हणूनच इको प्रोग्राम ५० डिग्रीवर असतो आणि तीन-साडेतीन तास चालतो, लोकांना वाटतं मशीन बिघडलंय. मग ते अर्ध्या तासाचा क्विक लावतात, आमटीची पातेली तशीच बाहेर येतात आणि मला फोन येतो की नवीन मशीन बेकार आहे. अहो, उष्णता पण कमी केली आणि वेळ पण कमी केला तर बिचाऱ्या पावडरीनं एकटीनं काय करायचं?

तर दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे ७० डिग्रीचा प्रोग्राम आहे का. आपल्या स्वयंपाकात तेल, खोबरं, शेंगदाण्याचं कूट, चुलीवर नसली तरी गॅसवर करपलेली फोडणी, हे सगळं ४५-५० डिग्रीला सुटत नाही, सुटलं तरी परत दुसऱ्या भांड्यावर जाऊन बसतं. बॉशच्या आपल्याकडच्या मशीनला इंटेन्सिव्ह कढई म्हणून ७० चा प्रोग्राम येतो, आयएफबीच्या नेपच्यूनला पण ७० चा येतो, बाकीच्यांचं माहितीपुस्तकातला प्रोग्रामचा तक्ता काढून बघा. सेल्समननं तोंडी सांगितलेलं धरू नका, तक्त्यात डिग्री छापलेली असते. घरात रोज मोजून दोनच प्रोग्राम लागतात, एक इंटेन्सिव्ह आणि एक इको. चौदा प्रोग्राम असले तरी तुम्ही वापरणार हेच दोन.

दुसरी गोष्ट, मशीनच्या आत पाणी मऊ करायचा सॉफ्टनर आहे का, आणि त्याची पातळी किती टप्प्यात बदलता येते. आपल्याकडं मोठ्या कंपन्यांच्या फ्रीस्टँडिंग मशीनला तो असतोच, पण टेबलावर ठेवायच्या काही छोट्या, ऑनलाइन मिळणाऱ्या मशीनला नसतो. सांगली जिल्ह्यात सॉफ्टनर नसलेलं मशीन घेऊच नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

तिसरं, आकार. सहा माणसांना १२ किंवा १३ प्लेस सेटिंगचं (एक सेटिंग म्हणजे एका माणसाच्या जेवणाची भांडी), म्हणजे ६० सेंटीमीटर रुंदीचं मशीन घ्या. ८ सेटिंगच्या छोट्यात आपली परात आणि पाच लिटरचा कुकर जात नाही, मग ती भांडी हातानंच घासायची आणि मशीन फक्त वाट्या-चमच्यांना, असं होतं. वरचा ट्रे खालीवर करता येतो का आणि खालच्या ट्रेचे काटे आडवे पाडता येतात का ते स्वतः हातानं करून बघा. शक्य असेल तर घरातली एक कढई पिशवीत घालून दुकानात न्या आणि ट्रेमध्ये ठेवून बघा, खरंच सांगतो, लाजू नका. आणि मशीनच्या समोर दार पूर्ण आडवं पडून वर माणूस उभा राहील एवढी जागा किचनमध्ये आहे का ते आधी टेपनं मोजा.

आतला टब पूर्ण स्टीलचा पाहिजे, काहींना तळ प्लास्टिकचा असतो. हीटरचं जरा समजून घ्या. जुन्या पद्धतीत हीटरची कॉइल टबच्या तळाला उघडी दिसते. फायदा असा की त्यावर चुना चढला की डोळ्याला दिसतो आणि बदलायला सोपी जाते, तोटा असा की प्लास्टिकचा डबा वरनं पडला की वितळतो. नव्या बऱ्याच मशीनमध्ये हीटर पाणी फिरवणाऱ्या पंपातच बसवलेला असतो, दिसायला छान, आवाज कमी, पण हीटर गेला की बहुतेक वेळा अख्खा पंपच बदलावा लागतो आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून घेतानाच विचारा की हीटर वेगळा मिळतो का, आणि मिळत नसेल तर त्या असेंब्लीची आजची किंमत काय. सर्व्हिसवाला सांगलीत किंवा मिरजेत बसतो का कोल्हापूरवरनं येतो, पार्ट किती दिवसात येतो, हे पण तिथंच विचारून घ्या. डीलर उत्तर द्यायला टाळाटाळ करत असेल तर ते पण उत्तरच समजा.

मोटर इन्व्हर्टरची का साधी, यात मी फार कडवा नाही. साधी मोटर आवाज करते, पण कपॅसिटर गेला तर थोडक्यात काम होतं. इन्व्हर्टर मोटर शांत चालते, रात्री लावता येते, त्यात फॅन्सी काही नाही, चांगलीच गोष्ट आहे. नॉब फिरवायचा जुना टायमर असलेलं घरगुती मशीन मला तरी आता आपल्या दुकानात दिसत नाही, त्यामुळं जुन्या पद्धतीचं म्हणजे बटणं कमी, छोटा डिस्प्ले, हातानं काढून धुता येणारी जाळी आणि पार्ट सुटे मिळणारं, एवढंच धरा. टच पॅनलपेक्षा दाबायची बटणं सासूबाईंना सोपी जातील, ओल्या बोटाला टच नीट लागत नाही.

आता पाण्यावर येतो, कारण ८ तक्रारीतल्या ६-७ तरी इथंच असतात असं म्हटलं तरी चालेल.

सांगली-मिरजेत पालिकेचं पाणी कृष्णेचं, ते त्यातल्या त्यात मऊ. पण किती तरी घरात वरच्या टाकीत पालिकेचं आणि बोअरचं पाणी एकत्रच चढवलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं आपलं नदीचं पाणी आहे. ज्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल पांढरी होते, ते पाणी जड आहे, याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. कृष्णा-वारणेकाठच्या ऊसपट्ट्यात तर जास्त पाणी देऊन देऊन जमिनीच क्षारपड झाल्यात, तिथल्या बोअरला खारटपणा पण असतो. हा खारटपणा आतल्या सॉफ्टनरनं जात नाही, सॉफ्टनर फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतो आणि त्याबदल्यात सोडियम सोडतो. म्हणून अशा घरात मी डिशवॉशरला सरळ पालिकेच्या पाण्याचा वेगळा पाइप ओढायला सांगतो. आरओचं पाणी जोडू का असं पण विचारतात, नको, त्याला लागणारा जोरच येत नाही आणि तेवढंच पाणी वाया पण जातं.

टीडीएस मीटरवर जाऊ नका. फिल्टर विकणारे तो बुडवून ४०० दाखवतात, तो आकडा सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा असतो, जडपणाचा नसतो. जडपणा मोजायची कागदाची पट्टी मिळते, काही मशीनसोबतच येते, नाहीतर थेंब टाकून रंग बदलायचा किट मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत योग्य आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे, त्यावरनं तुमचं पाणी कुठं बसतंय याचा अंदाज येतो. मशीनच्या पुस्तकात काही वेळा जर्मन डिग्री लिहिलेली असते, एक जर्मन डिग्री म्हणजे साधारण १७.८ मिलिग्रॅम. बॉशचा सॉफ्टनर ५० डिग्रीपर्यंत सेट करता येतो, म्हणजे जवळजवळ ८९० मिलिग्रॅमपर्यंत. हे सेटिंग कारखान्यातनं मधलं कुठलंतरी ठेवून येतं आणि बसवणारा घाईत असला तर तसंच सोडून जातो. पाणी मऊ आणि सेटिंग जास्त असेल तर मीठ फुकट जातं, पाणी जड आणि सेटिंग कमी असेल तर पांढरा थर.

सॉफ्टनरमधलं रेझिन, म्हणजे क्षार पकडणारे बारीक मणी, परत ताजं करायला मीठ लागतं. मीठ म्हणजे डिशवॉशरचं जाड, शुद्ध मीठ. घरातलं आयोडीनचं बारीक मीठ अजिबात घालायचं नाही, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थ असतो, तो आतल्या रेझिनमध्ये अडकतो. पहिल्यांदा मिठाच्या टाकीत साधारण लिटरभर पाणी ओतायचं, मग मीठ, नंतर परत कधी पाणी ओतायचं नाही. आणि मीठ भरल्या भरल्या लगेच मशीन लावायचं. भरताना खारं पाणी बाहेर सांडतं, ते रात्रभर स्टीलवर राहिलं तर तळाला गंज धरतो. मी अशा नवीन मशीनच्या तळाला तांबूस ठिपके बघितलेत, घरच्यांना वाटतं स्टीलच डुप्लिकेट आहे.

ग्लास पांढरे दिसायला लागले तर एक छोटी परीक्षा घरी करा. कोरड्या ग्लासावर लिंबाची फोड एका बाजूला घासा, दोन मिनिटं थांबा आणि धुऊन पुसून उजेडाकडं धरा. घासलेली बाजू स्वच्छ झाली तर तो चुना आहे, म्हणजे मीठ संपलंय किंवा सेटिंग कमी आहे. काहीच फरक पडला नाही, ग्लास तसाच धुरकट, बोट फिरवलं की जरा खरखरीत, तर काच खाल्ली गेलीय, ती परत येत नाही. हे फार मऊ पाणी, फार गरम प्रोग्राम आणि जादा पावडर एकत्र आले की होतं, त्यामुळं साताऱ्याच्या मऊ पाण्याच्या बाजूच्यांनी काचेला कमी डिग्रीचा प्रोग्राम लावावा आणि पावडर हात राखून घालावी.

पावडर का टॅब्लेट? मी पावडरीच्या बाजूचा माणूस आहे आणि त्याला कारण आहे. टॅब्लेट डब्यात ठेवली की ती मुख्य धुण्याच्या वेळीच पडते, त्याआधीचं जे पहिलं पाणी फिरतं ते नुसतंच पाणी असतं. पावडर असेल तर २०-२५ ग्रॅम डब्यात घालायची आणि चमचाभर दाराच्या आतल्या बाजूला तशीच टाकायची, म्हणजे पहिल्याच पाण्यात तेल सुटायला लागतं आणि मुख्य धुणं स्वच्छ पाण्यात होतं. तेलकट भांड्यांना याचा फरक एका दिवसात दिसतो. हे पहिलं पाणी नसलेल्या क्विकसारख्या प्रोग्रामला मात्र याचा उपयोग नाही. दुसरं, टॅब्लेटमध्ये मीठ आणि रिन्स एड सगळं आहे असं लिहिलेलं असतं, पण त्यातल्या मिठाचं काम साधारण २१ जर्मन डिग्रीपर्यंत, म्हणजे ३७५ मिलिग्रॅमच्या आसपासच चालतं, त्याच्या वर वेगळं मीठ लागतंच. आपल्या बोअरला ते कुठं पुरणार?

रिन्स एड टाळू नका. ते धुवायचं काम करत नाही, शेवटच्या पाण्याचा ताण कमी करतं म्हणजे थेंब न साठता पाणी घसरून जातं आणि भांडी कोरडी, बिनडागाची होतात. स्टीलच्या ताटांवर थेंबाचे गोल डाग राहतात ते बहुतेक याच्याअभावी. लिंबूपाणी किंवा व्हिनेगर त्या डब्यात घालायचा सल्ला फिरतो, तो ऐकू नका, रबराला ते चांगलं नाही.

बसवताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. पाण्याचा जोर, कारण बऱ्याच मशीनला कमीत कमी अर्धा बार (बार म्हणजे दाबाचं माप) लागतो आणि दहा मीटर उंचीला साधारण एक बार पडतो. म्हणजे टाकी मशीनच्या पाच मीटर तरी वर पाहिजे. बैठं घर आणि स्लॅबवर टाकी असली की जोर कमी पडतो, मशीन पाणी भरता भरता एरर देतं आणि थांबतं. दहा लिटरची बादली त्या नळाखाली लावा, मिनिट-सव्वा मिनिटात भरली तर ठीक, तीन मिनिटं लागली तर छोटा प्रेशर पंप बसवायचा खर्च धरा.

सांडपाण्याचा पाइप जमिनीवर मोरीत सोडून देतात, हे चुकीचं आहे. तो पुस्तकात दिलेल्या उंचीपर्यंत वर नेऊन मगच सोडायचा असतो, नाहीतर मशीन पाणी घेतं आणि ते आपोआप बाहेर ओढलं जातं, परत घेतं, परत जातं. भांडी कोरडीच राहतात आणि टाकी रिकामी होते.

आणि वीज. हीटर साधारण दोन हजार वॅटचा असतो, म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरी अर्थिंग. खरी म्हणजे तपासलेली, नुसतं तिसरं भोक असलेली नाही, पाण्याचं मशीन आहे हे. व्होल्टेज फार वरखाली होत असेल, गावाकडं शेतीच्या मोटारी चालू-बंद होताना होतंच, तर चार केव्हीएच्या आसपासचा स्टॅबिलायझर लावा, पीसीबी, म्हणजे मशीनचा सर्किट बोर्ड, जाण्यापेक्षा ते परवडतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा प्रयत्न करू नका. लाइट मध्येच गेली तर दार उघडू नका, बहुतेक मशीनं लाइट आल्यावर तिथनंच पुढं चालू होतात. एका धुण्याला प्रोग्रामप्रमाणं एक ते दीड युनिट आणि दहा-तेरा लिटर पाणी, एवढा हिशोब धरा. मिनिटाला दहा लिटर सोडणारा नळ पाच मिनिटं चालू राहिला तरी पन्नास लिटर जातात, त्यामुळं पाण्याची काळजी करू नका.

सोलरचं गरम पाणी जोडू का हा सांगलीतला हमखास प्रश्न, कारण गच्ची तिथं सोलर. बऱ्याच मशीनला ६० डिग्रीपर्यंत चालतं, पण आपला सोलर एप्रिल-मे मध्ये त्याच्या वर जातो. शिवाय पहिलंच पाणी कडक गरम आलं की दुधाची, अंड्याची घाण सुटायच्या ऐवजी भांड्यालाच शिजून बसते. गार पाणीच जोडा, मशीनला स्वतः हळूहळू तापवू दे.

नदीकाठच्यांना एक वेगळं सांगणं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तळमजल्यावरची किती मशीनं बुडाली. डिशवॉशरचे पंप, व्हॉल्व्ह सगळे तळालाच असतात, त्यामुळं थोडं पाणी आलं तरी तेच आधी जातात. पूर येणाऱ्या भागात असाल तर मशीन पहिल्या मजल्यावर बसवा नाहीतर पाइप स्क्रूचे, सहज सुटणारे ठेवा म्हणजे दोघांनी उचलून वर नेता येईल. बुडालेलं मशीन वाळलं असं वाटलं तरी उघडून तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

आता सासूबाईंसाठी. भांडी आधी घासून मशीनमध्ये ठेवायची सवय त्यांना असणार, त्यांना सांगा की नुसतं खरकटं कचऱ्यात काढायचं, विसळायचं पण नाही. सेन्सरवाला ऑटो प्रोग्राम पाणी किती गढूळ आहे ते बघून ठरवतो, भांडी आधीच विसळलेली असली तर तो थोडक्यात उरकतो आणि वाळलेला भात तसाच राहतो. भाताचं, दुधाचं बुडाला लागलेलं मात्र उलथन्यानं काढून टाकायचं. वाट्या, ताटं, कढई सगळं पालथं किंवा तिरकं, तोंड पाण्याच्या माऱ्याकडं, एकावर एक नाही. पळी-झाऱ्याचा दांडा खाली लोंबकळला की मशीनचा पाणी उडवणारा फिरणारा हात अडतो, म्हणून दार लावायच्या आधी मशीनचे ते दोन्ही हात बोटानं एकदा फिरवून बघायचे. परात पुढं दाराजवळ उभी केली तर पावडरीचा डबा उघडतच नाही, ती मागं किंवा बाजूला.

जाळी आठवड्याला काढायची. खालचा ट्रे बाहेर काढला की तळाला गोल जाळी दिसते, ती डावीकडं फिरवली की हातात येते. त्यात काय काय निघतं, टोमॅटोच्या बिया, कढीपत्त्याचा देठ, जिरं, लिंबाची बी, कधी टूथपिक. नळाखाली धरून जुन्या दात घासायच्या ब्रशनं आतनं बाहेरनं घासायची आणि परत बसवताना उजवीकडं घट्ट फिरवायची, सैल राहिली तर तेच खरकटं पंपात जातं. महिन्यातनं एकदा फिरणारे हात पण काढा, उजेडाकडं धरा आणि भोकं बघा. एकेका भोकात मोहरी अशी मापात बसलेली असते की जणू तिथंच बनवलीय, सुईनं टोकरून काढायची. वरच्या ट्रेतल्या वाट्या निघत नाहीत अशी तक्रार असते तेव्हा मी आधी हेच बघतो.

काय घालायचं नाही ते फ्रीजवर लिहून चिकटवा. जर्मनची पातेली आणि साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर काळा पडतो, पावडर अल्कलीची असते म्हणून. लोखंडी आणि बिडाचे तवे गंजतात, त्यांचा वर्षानुवर्षं मुरलेला तेलाचा थर पण जातो. तांब्या-पितळेची, कल्हईची भांडी, पोळपाट-लाटणं, लाकडी रवी, सोनेरी काठाचे कप, हे हातानंच. प्लास्टिकच्या डब्यावरचा हळदीचा पिवळा डाग मशीननं जात नाही, त्यासाठी डबा उन्हात ठेवा, ऊन हळदीचा रंग खातं. कुकर स्टीलचा घेतलात तर सहा जणांच्या घरात मशीनचा खरा उपयोग होईल, कारण रोजचं सगळ्यात मोठं भांडं तेच.

ताई, तुमच्या घरासाठी मी काय घेतलं असतं? १२-१३ सेटिंगचं, ६० सेंटीमीटरचं, ७० डिग्रीचं इंटेन्सिव्ह असलेलं, आत सॉफ्टनर, पूर्ण स्टीलचा टब, बटणांचं, वायफाय नसलेलं, त्या कंपनीच्या रेंजमधलं खालून पहिलं किंवा दुसरं मॉडेल. तीस ते पन्नास हजाराच्या टप्प्यात हे बसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के झालाय, तर बिलावर तो १८ च लावलाय का बघा. वरच्या मॉडेलचे वाचलेले पैसे स्टॅबिलायझर, गरज असेल तर प्रेशर पंप आणि वर्षभराचं मीठ-पावडर यात घाला. वाढीव वॉरंटी घेणार असाल तर त्यात पंप-हीटर धरलाय का ते लेखी घ्या.

बसवायला माणूस येईल त्या दिवशी पाण्याची पट्टी तुमच्या समोर बुडवायला सांगा, जो आकडा येईल त्याप्रमाणं सेटिंग त्याच्याकडनं करून घ्या आणि कसं केलं ते मोबाईलवर शूट करून ठेवा. पहिलं धुणं तो असतानाच, ७० वर, तुमच्या रोजच्या खरकट्या भांड्यांचं लावा, रिकामं नको. त्याला चहा द्या आणि निदान पाणी भरून, सोडून, तापायला लागेपर्यंत तरी थांबवून घ्या.